‘अँजेलिन द बेकर’ मँडोलिनवर बसवताना

ज्यांनी कधी भूप गायला किंवा वाजवला आहे, त्यांच्या हातात ही चाल अर्धी आधीच आहे. अमेरिकेच्या अपलाचियन डोंगरपट्ट्यात, म्हणजे व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना या भागांत, फिडल आणि बँजोवर पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलेल्या नाचाच्या संगीताला ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात. (हा बँजो पाच तारांचा, तोंडावर कातडं ताणलेला. आपल्या मिरवणुकीतल्या बँजो पार्टीतलं वाद्य म्हणजे बुलबुलतरंग; दोघांत नावापलीकडे फारसं नातं नाही.) त्या संगीतातली ‘अँजेलिन द बेकर’ सा रे ग प ध या पाच सुरांतच फिरते. उरलेली अर्धी चाल मात्र भूप विसरल्याशिवाय येत नाही.

आधी वाद्य. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या. जाड जोडीपासून मोजलं तर जी, डी, ए, ई. फिडलच्याच सुरांत लावलेल्या, म्हणून फिडलची चाल मँडोलिनवर बोटांना आयती सापडते. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीचा पंचम. सातव्या पडद्यावर तार दाबली की पुढच्या मोकळ्या जोडीचा सूर मिळतो, त्यावरून मिळवणी तपासता येते. ही चाल बहुतेक ठिकाणी डी या सुरात वाजते, तेव्हा डी आपला षड्ज. डीच्या जोडीवर मोकळा सा, दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग. एच्या जोडीवर मोकळा प, दुसऱ्यावर ध, पाचव्यावर तार सा. ईच्या जोडीवर मोकळा तार रे, दुसऱ्यावर तार ग, पाचव्यावर तार प. तर्जनी दुसऱ्या पडद्याला, मधलं बोट चौथ्याला, अनामिका पाचव्याला. एवढ्यात सगळी चाल मावते, हात सरकवावा लागत नाही.

आता कान. स्वरलिपी सहज मिळते, पण ती पहिल्या आठवड्यात उघडू नये असं माझं ठाम मत आहे. एकाच वादकाचं एकच ध्वनिमुद्रण निवडा, शक्यतो फिडलचं, आणि गुणगुणता येईपर्यंत ऐका. सूर न बदलता वेग निम्म्यावर आणण्याची सोय आता फोनवरही असते, ती वापरा. मग फक्त पाय जिथे पडतो तिथले सूर शोधा. चालीचे दोन भाग; प्रत्येक भाग सोळा पावलांचा आणि दोनदा वाजणारा, म्हणजे पूर्ण फेरी चौसष्ट पावलांची. पावलांवरचे सूर जागच्या जागी बसले की चालीचा सांगाडा उभा राहिला. मधले छोटे सूर वादकागणिक बदलतात; ते मागाहून भरले तरी चालतात.

उजव्या हाताला सगळ्यांत जास्त वेळ द्या. नखी वरून खाली, खालून वर, अशी अखंड चालली पाहिजे. पावलावरचा आघात नेहमी खाली, मधला वर. सूर लांब असेल तेव्हाही हात थांबत नाही, तारेला न लागता हवेतून वर जातो. या संगीताचा मूळ ठेका एक लांब आणि दोन आखूड, आणि तो हातात आला की लांब सूर थरथरवत धरायची गरज उरत नाही. आपल्याकडे मँडोलिन म्हटलं की हिंदी चित्रपटगीतांतली ती थरथर आठवते. इथे ती परकी वाटते. तशीच भूपाची सवय. पंचमावरून गंधारावर घसरत यावंसं वाटतं, गंधारावर रेंगाळावंसं वाटतं. मँडोलिनच्या आखूड, ताठ जोडतारांवर मींड तशीही नीट निघत नाही, पण मुद्दा तो नाही. ही नाचाची चाल आहे; तुम्ही रेंगाळलात तर नाचणाऱ्याचा पाय हवेत राहील. सजावट हवीच असेल तर शेजारची मोकळी जोडी चालीबरोबर वाजू द्या. डी आणि ए मोकळ्या वाजल्या की सा-प तंबोऱ्यासारखे मागे घुमत राहतात.

चालीचं नाव कसं घडलं तेही ऐकण्यासारखं आहे. पिट्सबर्गच्या स्टीफन फॉस्टरने 1850 मध्ये ‘अँजेलिना बेकर’ हे गाणं छापलं. ते तोंडाला काळं फासून रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या गोऱ्या कलावंतांच्या खेळांसाठी होतं. त्यात एक गुलाम दुरावलेल्या प्रियेसाठी झुरतो. तो इतिहास झाकू नये. पुढे डोंगरांतल्या तोंडी परंपरेत अँजेलिनाचं आडनाव तिचा धंदा झालं, बेकरची ‘द बेकर’ झाली. आणि आज वाजते ती चाल फॉस्टरच्या चालीशेजारी ठेवली तर लांबची चुलत बहीण वाटावी. व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सच्या अंकल एक डनफर्डने 1928 मध्ये ती ध्वनिमुद्रित केली, तेव्हा नाव ‘अँजेलिन द बेकर’ झालेलंच होतं.

चाल पुढे देण्याची रीतही अशीच, माणसाकडून माणसाकडे. 1966 च्या सुमारास ड्यूक विद्यापीठातला अ‍ॅलन जबूर हा विद्यार्थी व्हर्जिनियातल्या ग्लेन लिन गावी हेन्री रीड या ऐंशी ओलांडलेल्या फिडलवादकाकडे टेपरेकॉर्डर घेऊन गेला. रीडच्या चाली त्याने उतरवल्या, स्वतः शिकला, मित्रांबरोबर वाजवल्या. रीडची ‘ओव्हर द वॉटरफॉल’ आज अमेरिकाभरच्या बैठकींत वाजते ती या मार्गाने. म्हणून ओल्ड-टाइमवाले चालीच्या नावाबरोबर ‘कुणाकडून’ हेही सांगतात. तुम्हीही तुमचं ध्वनिमुद्रण कुणाला पाठवाल तेव्हा ज्याचं ऐकून शिकलात त्याचं नाव आधी लिहा.

बैठकीत गोल बसतात आणि सगळे एकदमच चाल वाजवतात. ब्लूग्रास या तिथल्याच दुसऱ्या संगीतप्रकारात एकेकाला आपली करामत दाखवायची पाळी मिळते, तशी इथे नाही. गिटारवाला बहुधा डी आणि जी या दोन कॉर्डवर साथ धरतो. तासभर तरी सूर बदलत नाही, कारण बँजो दर सुराला नव्याने लावावा लागतो. मध्येच दुसऱ्या सुरातली चाल सुचवली तर त्या बिचाऱ्या बँजोवाल्याचे डोळे बघा. एकच चाल दहा-बारा फेऱ्या चालते, त्यामुळे पहिल्या तीन फेऱ्या नुसत्या ऐकून चौथीत हळूच शिरायला भरपूर वाव असतो. ज्याने चाल सुरू केली त्याने एक पाय पुढे उचलला की ती शेवटची फेरी. तो पाय दिसायला हवा, म्हणून स्वरलिपीचा कागद घरीच ठेवून या.