बिघडलेल्या आउटलुक फाईलमधील पत्रे परत मिळू शकतात

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्यातील एखाद्या जंगलवेढ्या गावात आउटलुक सुरू असतानाच वीज गेली, तर पर्यटन निवास चालविणाऱ्याचा वर्षानुवर्षांचा ई-मेल पत्रव्यवहार दिसेनासा होऊ शकतो. पीओपी पद्धतीच्या खात्यातील पत्रे सर्व्हरवर ठेवली नसतील, तर संगणकातील ‘पीएसटी’ फाईल हीच त्यांची एकमेव प्रत असते.

या फाईलमध्ये पत्रे, फोल्डर आणि त्यांची अंतर्गत सूची एकत्र असते. लेखन अर्धवट राहिल्यास सूची बिघडते. मजकूर मात्र बहुधा शाबूत असतो. आउटलुक २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत फाईल २ जीबीच्या मर्यादेला पोहोचली, तरीही असाच बिघाड होत असे.

अशा वेळी आउटलुक बंद करून प्रथम फाईलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतर आउटलुकसोबतच मिळणारा ‘स्कॅनपीएसटी’ हा दुरुस्ती प्रोग्राम त्या प्रतीवर चालवावा. मूळ फोल्डर न सापडलेली पत्रे ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये जमा होतात. ती नव्या पीएसटी फाईलमध्ये हलवावीत. मूळ फाईलवर थेट प्रयोग केल्यास वाचलेला मजकूरही गमावण्याचा धोका असतो.