बॉबर दुचाकी : काय काढता येते, काय काढू नये

नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयल एनफील्डने गोव्यात वागातोर येथील आपल्या वार्षिक मेळाव्यात एक दुचाकी बाजारात आणली आणि तिला गोव्याचेच नाव दिले : ‘गोअन क्लासिक ३५०’. पांढरी कड असलेले टायर, उंच हँडल, बुटके आसन आणि आखूड मडगार्ड अशी ही गाडी ‘बॉबर’ या घराण्यातील आहे. या घराण्यातील आणखी दोन गाड्या, ‘जावा पेराक’ (२०१९) आणि ‘जावा ४२ बॉबर’ (२०२२), मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या कारखान्यात तयार झाल्या. त्याच राज्याच्या दक्षिण टोकाला, नागपूरला खेटून असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या मराठी मुलखात मात्र बॉबर म्हटले की जुन्या बुलेटची काटछाट हाच मार्ग अनेकांना आधी आठवतो. तो स्वस्त वाटतो. खरोखर तसा आहे का, हे तपासण्यासारखे आहे.

इंग्रजीत घोड्याचे शेपूट आखूड कापण्याला ‘बॉब’ करणे म्हणतात. शेपूट कापलेल्या जनावराला मराठीत ‘बांडा’ हा नेमका शब्द आहे; तेव्हा बॉबरला ‘बांडी गाडी’ म्हटले तरी अर्थ बिघडणार नाही. १९३० च्या दशकापासून, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अधिकच, अमेरिकेतील तरुणांनी आपल्या जड गाड्यांचे पुढचे मडगार्ड काढले, मागचे कापले, मागचे आसन उतरवले आणि वजन घटवून वेग मिळवला. गाडीला काही जोडण्यापेक्षा तिच्यातून वजा करणे हा या शैलीचा मूळ स्वभाव आहे. अडचणही तिथेच आहे, कारण वजा केलेला प्रत्येक भाग काही ना काही काम करीत असतो.

पांढुर्णा-सौंसरची जमीन कापसाची आणि संत्र्याची. पावसाळ्यात शेताच्या वाटेवरची काळी माती चाकाला थापल्यासारखी चिकटते. पुढचे मडगार्ड नसेल तर ही माती थेट फोर्कच्या नळ्यांवर उडते, वाळते आणि नळी खाली-वर होताना ऑईल सील खरवडते. नळीवर तेलाचे ओले कडे दिसू लागले की सील गेले असे समजावे. जावाच्या इंजिनाला पाण्याने थंड ठेवणारा रेडिएटर पुढच्या चाकाच्या मागेच असतो. त्याच्या पातळ पत्र्यांत चिखल बसला की इंजिन तापते. म्हणून पुढचे मडगार्ड आखूड करावे, पण मुळीच काढू नये.

मागच्या मडगार्डची गोष्ट अधिक गंभीर आहे. या भागात दुचाकी ही एकट्याची चैन नसून घराचे वाहन असते. मंगळवारी-शनिवारी जामसावळीच्या मारुतीला निघालेल्या कुटुंबातील बाई साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवायला आधार आणि मागचे निम्मे चाक तरी झाकणारे संरक्षण असणे बंधनकारक आहे. साडी गार्ड सौंदर्यात बाधा आणतो हे खरे. पदर किंवा ओढणी आऱ्यांत गुंतली की काय होते, हे मात्र सांगण्याची गरज नसावी. मागे कोणी बसणार असेल, तर या तीन गोष्टींना हात लावू नये. ‘गोअन क्लासिक’चे मागचे आसन काढता-बसवता येते, ही सोय म्हणूनच शहाणपणाची आहे.

गाडी बसकी दिसावी म्हणून मागचे शॉकअप आखूड बसवण्याची हौस मोठी असते. त्यामुळे खड्ड्यात टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो, गतिरोधकावर पोट लागते आणि चेनचा ताण बदलतो. शिवाय बाजूचे स्टँड पूर्वीच्याच लांबीचे राहते. गाडी त्यावर पुरेशी कलत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उलट्या बाजूला कोसळते. उंच हँडल लावले, तर क्लच व अ‍ॅक्सिलरेटरच्या तारा आणि ब्रेकची नळीही लांब हवी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून नळी ताणली जात नाही ना, हे सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणाऱ्या सिल्लेवानी घाटात शिरण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

सायलेन्सरविषयी फारसे बोलायला नको. प्रदूषण रोखणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या मार्गातच असतो, आणि मोकळी नळी लावलेली जुनी कार्ब्युरेटरची बुलेट पेट्रोल कमी, हवा जास्त अशा मिश्रणावर चालून तापते. वेग वाढल्याचा भास होतो तो आवाजाचा.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तिकेतील मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंड भरता येतो; पण अपघातानंतर विमा कंपनीने बदलांवर बोट ठेवले तर होणारे नुकसान गाडीच्या किमतीहून मोठे असू शकते. चासी कापणे, वेल्डिंग करणे, चाकाचा आकार बदलणे (यात एबीएसचे गणितही चुकते) या वाटेला न जाता बोल्टने निघेल आणि बोल्टनेच परत बसेल एवढाच बदल करावा. आसनाचे कव्हर, रंग, आरसे, हाताच्या मुठी एवढ्यानेही गाडीचे रूप पालटते.

बॉबरची देखभाल साध्या गाडीहून थोडी अधिक लागते, कारण तिचे अवयव उघडे असतात. साधारण पाचशे किलोमीटरला, आणि पावसात त्याआधीही, चेन पुसून वंगण द्यावे. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश लावू नये. चेनचा ताण गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोजावा. आरे पान्याने हलकेच वाजवून पाहावेत : घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. काळी माती वाळली की खरवडू नये, आधी पाण्याने भिजवून मऊ करावी. पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि रेडिएटरवर मारू नये. धुतल्यानंतर क्रोम कोरडे करून मेणाचा पातळ हात द्यावा. गोव्याच्या खाऱ्या हवेत हे काम दर आठवड्याचे होईल.

काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नयेत. नटबोल्टसह पोत्यात बांधून ठेवावेत. मृग लागला की मडगार्ड आणि गाडी विकताना सगळेच परत चढवावे लागते.