फोटो घेऊन हुम्लाला

काठमांडूतल्या एखाद्या बालगृहाच्या फाटकातून परदेशी पाहुणा आत आला, की पाच-सहा मुलं धावत येतात. कुणी हात धरतं, कुणी पाठीवर चढतं, एखादं चिमुरडं काही न विचारता थेट मांडीवर येऊन बसतं. पाहुण्याला भरून येतं. किती पटकन जीव लावतात ही मुलं, असं तो रात्री घरी कळवतो.

मुलांच्या मनाचा अभ्यास असणाऱ्याला मात्र याच दृश्याची धास्ती वाटते. घरात वाढलेलं चार वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आधी आईच्या मागे लपतं, अंदाज घेतं, मग हळूहळू पुढे येतं. ज्याला रोजचं, हक्काचं माणूस मिळालेलं नाही ते समोर येईल त्याला बिलगतं. दोन-तीन आठवड्यांनी पाहुणा जातो, दुसरा येतो. मुलाला पुन्हा पहिल्यापासून जीव लावावा लागतो आणि पुन्हा निरोप द्यावा लागतो. वर्षभरात असे किती निरोप, हे कुठल्याच वहीत नोंदलं जात नाही.

काठमांडू खोऱ्याच्या दक्षिण कडेला असलेल्या गोदावरी गावात २००४मध्ये कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण अशाच एका घरी आला. वर्षभराच्या जगप्रवासाची सुरुवात तीन महिन्यांच्या सेवेनं करावी, एवढाच त्याचा बेत होता. घरात अठरा मुलं होती, आणि मुलं सांभाळण्याचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता. ही सगळी अनाथ आहेत, असं त्याला सांगण्यात आलं होतं. पुढे एक दिवस त्यांतल्या दोन भावांची आई समोर उभी राहिली.

मुलं होती हुम्लाची. नेपाळच्या वायव्य टोकाचा, तिबेटला लागून असलेला हा जिल्हा त्या काळी देशातल्या रस्त्यांना जोडलेलाच नव्हता. १९९६ ते २००६ या दशकात माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यात युद्ध चाललं होतं, आणि बंडखोर घराघरातून आपल्या सैन्यासाठी पोरं मागत होते. अशा वेळी ओळखीतलाच एखादा माणूस दारात येई. पोराला काठमांडूला नेतो, शाळेत घालतो, पोटभर जेवू घालतो, म्हणे. आईबाप जमीन विकून, कर्ज काढून त्याला पैसे देत. मूल शहरात पोचलं की त्याचं नाव बदले आणि कागदोपत्री बाप मेलेला असे. बापाच्या मृत्यूचा खोटा दाखला जोडला की मूल अनाथ, आणि अनाथ मुलासाठी देणगी येते.

युनिसेफच्या हवाल्यानं वारंवार दिला जाणारा आकडा असा आहे, की नेपाळच्या बालगृहांतल्या शंभरांपैकी पंच्याऐंशी मुलांचं आई किंवा वडील यांपैकी निदान एक जण हयात असतं. ही बालगृहं कुठे आहेत, तेही नकाशावर पाहावं. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा असलेला कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांतच त्यांची दाटी आहे. देशातल्या सगळ्या पोरक्या मुलांनी नेमकं पर्यटकांच्याच वाटेवर जमावं, याचं दुसरं काय कारण असणार? खाटा भरलेल्या हव्यात, कारण पाहुणे येणार आहेत. काही ठिकाणी तर मुलांना मुद्दाम अर्धपोटी, फाटक्या कपड्यांत ठेवलेलं आढळलं. चांगल्या मनानं आलेला माणूसच या धंद्याचं गिऱ्हाईक ठरतो, ही यातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट.

ग्रेनननं २००६मध्ये 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था काढली आणि त्याच वर्षअखेरीस मुलांचे फोटो घेऊन तो हुम्लाच्या वाटेला लागला. घर शोधण्याचं हे काम पुढे नेपाळी कार्यकर्त्यांनी चालवलं, आणि ते मुळापासून बघण्यासारखं आहे.

त्याची सुरुवात मुलाशी बोलण्यापासून होते, कारण फाइलमधलं नाव, आडनाव, गाव, काहीही खोटं असू शकतं. पाचव्या वर्षी उचललेल्या मुलाला जिल्हा सांगता येत नाही. पण घराच्या सपाट मातीच्या छपरावर काय वाळत घातलेलं असे, छपरावर जायला खाचा पाडलेला ओंडका कुठल्या भिंतीला टेकवलेला होता, नदी घराच्या वर होती की खाली, विमानापर्यंत यायला किती रात्री मुक्काम पडला, हे आठवतं. कार्यकर्ता चित्रं काढून घेतो, घाई करत नाही. आईचं नाव पुष्कळांना सांगता येत नाही. त्यांच्या लेखी ती फक्त 'आमा' असते.

मग नेपाळगंजहून सिमिकोटपर्यंत लहान विमान. हवा बिघडली की धावपट्टीवरच दिवस जातात. सिमिकोट जवळजवळ तीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथून पुढे पायी. गावात पोचल्यावर सरळ फोटो काढून दाखवायचा नसतो. आधी कुठलं मूल गेलं, केव्हा गेलं, कुणी नेलं, हे घरच्यांच्या तोंडून ऐकायचं, मुलानं सांगितलेल्याशी ताडून पाहायचं, शेजाऱ्यांना विचारायचं. फोटो त्यानंतर. आई तो हातात घेते तेव्हा तिच्या मनातलं मूल पाच वर्षांचं असतं आणि फोटोतलं अकराचं. बाप अनेकदा घरी नसतो. पश्चिम नेपाळातले पुरुष मजुरीला भारतात उतरतात, आणि त्या भागातले कितीतरी जण मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये रखवालदार आहेत.

घर सापडलं म्हणजे मूल लगेच परत गेलं, असं होत नाही. ज्या अडचणीपायी ते पाठवलं गेलं ती अजून दारात उभी असते. शाळा लांब, धान्य वर्षभर पुरत नाही. मूलही बदललेलं असतं. गावची बोली विसरलेलं, शहराला सरावलेलं, कधी आईबापांवर रागावलेलं. म्हणून आधी पत्र, मग फोन, मग सुट्टीतली भेट. काही मुलं कायमची घरी जातात, काहींचं फक्त नातं पुन्हा सुरू होतं. तेवढ्यालाही महिने लागतात.

परदेशातून मदतीला येणाऱ्यांसाठी या साखळीत जागा आहे, पण ती मुलांच्या खोलीत नाही. भौतिकोपचार जाणणाऱ्या माणसानं मुलांना रोज सांभाळणाऱ्या दिदींना अपंग मुलाला उचलायची, बसवायची रीत शिकवावी. हिशेबनिसानं संस्थेच्या वह्या नीट लावून द्याव्यात. तो गेल्यावर ते ज्ञान तिथेच राहतं. हा धोका हळूहळू सरकारांनाही कळू लागला. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारनं पालकांवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. ऑस्ट्रेलियानं २०१८च्या कायद्याच्या वेळी अशा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची गणना आधुनिक गुलामगिरीत केली, आणि २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही अनाथालयांत पर्यटकांनी करायच्या सेवेच्या धोक्याची दखल घेतली.

हुम्लात परतलेल्या मुलाकडे कार्यकर्ता पुन्हा पुन्हा जातो. शाळेत नाव आहे का आणि मूल खरंच जातं का, रात्री झोपतं का, आजारी पडलं तर कुणी कुठे नेलं, मुलाला नेऊ पाहणारं कुणी पुन्हा येऊन गेलं का, अशी त्याची विचारपूस असते. आई फापराची, म्हणजे कुट्टूची, रोटी पुढे ठेवते. तो खातो, वही मिटतो आणि निघतो, कारण यादीतलं पुढचं गाव दीड दिवसाच्या चालीवर असतं.