अर्ज केंद्रचालक भरतो, मंजुरी अधिकारी देतो

सीएससी, म्हणजेच सामायिक सेवा केंद्रात अर्ज भरून देणारी व्यक्ती बहुतेक वेळा शासकीय कर्मचारी नसते. हे केंद्र स्थानिक उद्योजक चालवतो. शासन आपली काही कामे अशा बाहेरच्या यंत्रणेकडून करून घेते. कोणते काम केंद्राचे व कोणते अधिकाऱ्याचे, हे माहीत असल्यास लाभार्थ्याची फसवणूक टळू शकते.

कोणती कामे बाहेर देता येतात?

अर्जाची ऑनलाइन नोंद, कागदपत्रांचे स्कॅनिंग, छायाचित्र व बोटांचे ठसे घेणे, कार्यालयाची साफसफाई इत्यादी. काटकसर व कार्यक्षमता यांसाठी केंद्रीय मंत्रालये व विभागांना बाहेरून सेवा घेण्याची मुभा सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये आहे.

कोणती कामे शासनाकडेच राहावीत?

पात्रता ठरवणे, अर्ज मंजूर किंवा नामंजूर करणे व अपील ऐकणे. या निर्णयांमुळे नागरिकाला लाभ मिळतो किंवा नाकारला जातो. म्हणून त्याचे कारण सांगण्यास बांधील असलेला अधिकारीच तो निर्णय घेणारा असावा.

उदाहरण : पासपोर्ट सेवा केंद्र

येथे ए काउंटरवर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीचे कर्मचारी कागदपत्रे स्कॅन करतात, छायाचित्र व ठसे घेतात. बी काउंटरवरील पडताळणी व सी काउंटरवरील निर्णय मात्र शासकीय अधिकारी करतात.

लाभार्थ्यांनी काय लक्षात ठेवावे?

• सेवेचे ठरलेले शुल्कच द्यावे. पावती व अर्ज क्रमांक जपून ठेवावा.
• नवीन आधार नोंदणी मोफत आहे. पैसे मागितल्यास १९४७ या क्रमांकावर तक्रार करावी.
• "जादा पैसे द्या, मंजूर करून देतो" असे कोणी म्हटल्यास विश्वास ठेवू नये. केंद्रचालकास मंजुरीचा अधिकार नसतो.
• अर्ज रखडल्यास संबंधित विभागाकडे लेखी विचारणा करावी. महाराष्ट्रात अधिसूचित सेवांसाठी लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अपील करता येते.
• माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार अर्जाची स्थिती विचारता येते. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही.

काम बाहेर दिले तरी योजना विभागाचीच असते. "ते एजन्सी पाहते" असे उत्तर मिळाल्यास निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम विचारावे आणि तक्रार त्यांच्या नावे द्यावी.