अॅल्युमिनियमचे धनाग्र : मिश्रणद्रव्ये आणि क्षरण

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी केवळ खारट नव्हे, तर त्यातील सोडियम कार्बोनेटामुळे तीव्र अल्कधर्मी आहे; त्याचा पीएच सुमारे १० भरतो. आपल्याकडे ज्याला ‘जर्मन’चे भांडे म्हणतात, ते अॅल्युमिनियमचे भांडे अशा पाण्यात ठेवल्यास झिजू लागते. साध्या पाण्यात मात्र तेच भांडे वर्षानुवर्षे टिकते. याचे कारण त्यावरील ऑक्साइडाचा अतिशय पातळ पापुद्रा होय. पीएच सुमारे ४ ते ८.५ या मर्यादेत तो टिकतो, त्याबाहेर विरघळतो.

भांड्याला तारणारा हा पापुद्रा धनाग्राच्या कामात मात्र आड येतो. समुद्रातील तेलफलाटांचे पोलादी पाय गंजू नयेत म्हणून त्यांना अॅल्युमिनियमचे ठोकळे जोडतात. ठोकळ्याने स्वतः झिजून पोलादाला इलेक्ट्रॉन पुरवावेत, ही अपेक्षा. अॅल्युमिनियमचे प्रमाण वर्चस् उणे १.६६ व्होल्ट असले, तरी पापुद्र्यामुळे समुद्रजलात शुद्ध धातूचे वर्चस् कॅलोमेल अग्राच्या तुलनेने केवळ उणे ०.७५ व्होल्टच्या आसपास राहते. पोलादाच्या रक्षणास सुमारे उणे ०.८ व्होल्ट तरी हवे. म्हणजे शुद्ध अॅल्युमिनियम येथे निरुपयोगी ठरते.

सुमारे ३ ते ५ टक्के जस्त आणि अवघे ०.०२ टक्के इंडियम मिसळले, की हे वर्चस् उणे १.१ व्होल्टपर्यंत उतरते. विरघळलेले इंडियम पृष्ठभागावर पुन्हा बसते आणि तेथील पापुद्रा सैल करते, अशी याची उपपत्ती दिली जाते. पारा हेच कार्य उत्तम करी. परंतु त्याच्या विषारीपणामुळे तो मागे पडला.

लोह व तांबे यांचा परिणाम निराळा. त्यांचे कण धातूतच सूक्ष्म ऋणाग्रे बनतात. तेथे हायड्रोजन सुटतो, धातू झिजतो. पण त्यातून मिळणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलाला लाभत नाहीत. एक किलोग्रॅम अॅल्युमिनियमपासून तत्त्वतः २,९८० अँपिअर-तास विद्युत् मिळावयास हवी. जस्त-इंडियमयुक्त धनाग्रापासून सुमारे २,५०० मिळते. मँगनीज लोहाला संयुगात बांधून त्याचा उपद्रव कमी करते. अल्कधर्मी द्रावणावर चालणाऱ्या अॅल्युमिनियम-वायु घटात पापुद्रा आपोआप विरघळतो. तेथे अडचण हायड्रोजनाचीच. म्हणून त्यास आवर घालणारे कथिल किंवा जस्त तेथे उपयोगी पडते.

यावरून दिसेल, की ‘झीज’ या एकाच शब्दाने आपण दोन भिन्न क्रिया सांगतो : एक कार्यकारी, दुसरी व्यर्थ. पहिली वाढविणे व दुसरी रोखणे, हेच मिश्रणद्रव्यांचे प्रयोजन होय. ‘धनाग्र’ ही संज्ञाही जपून वापरावी. ती विद्युत् विश्लेषणात अन्वर्थक आहे. परंतु वीज देणाऱ्या घटात हेच अग्र ऋण असते. तेव्हा ‘जेथे धातू इलेक्ट्रॉन गमावतो ते अग्र’ ही व्याख्या विद्यार्थ्यांनी मनाशी धरावी. म्हणजे शब्दामुळे अर्थाचा घोटाळा होणार नाही.