दहीभात खाणारा काळा कुत्रा

घरात साईसच्चरिताचं पारायण सुरू झालं की मी तेराव्या अध्यायाची वाट बघायचो. त्यात बाळा गणपत शिंपी येतो. हिवतापानं गांजलेला, औषधं झाली, काढे झाले, ताप हटत नाही. साईबाबा सांगतात, लक्ष्मीच्या देवळापाशी काळ्या कुत्र्याला दहीभाताचे घास घाल. बाळा बुचकळ्यात पडतो. पण घरी भात असतो, दही मिळतं आणि देवळापाशी काळा कुत्रा शेपूट हलवत उभाच! कुत्रा जेवतो, बाळाचा ताप उतरतो आणि पोथी पुढच्या रुग्णाकडे वळते. त्या कुत्र्याचं पुढे काय झालं, ही रुखरुख मला आजही आहे.

पोथीकार गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजेच हेमाडपंत, वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट. १९१० साली ते शिर्डीला गेले. नवव्या अध्यायातल्या तर्खडबाईही वांद्र्याच्याच. जेवणाच्या वेळी दारात आलेल्या भुकेल्या कुत्र्याला त्यांनी भाकरी घातली, आणि ती आपल्यालाच पोचली असं बाबांनी सांगितलं. बाबा राहत त्या मशिदीतल्या कोळंब्यात, म्हणजे मातीच्या भांड्यात, भिक्षेचं अन्न असे. कुत्री-मांजरं त्यात खुशाल तोंड घालत, बाबा हाकलत नसत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या भटक्या कुत्र्यांविषयी मला या पोथीपेक्षा मोलाचा दस्तऐवज माहीत नाही. लाल फडक्यात बांधून ठेवल्यामुळे तो त्या नजरेनं वाचला जात नाही, एवढंच.

तर्खड आणि दाभोलकर ज्या मुंबईतून आले, तिथं भटक्या कुत्र्यांचं काय करायचं हा वाद आधीच रक्तरंजित झाला होता. दर कुत्र्यामागे बक्षीस ठेवून भटकी कुत्री मारायची, हा कंपनी सरकारचा शिरस्ता. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात ही मोहीम सुरू झाली आणि पारशी पोलिसांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, लष्कराची रसद अडलेली. जैन आणि इतर हिंदूही पारशांबरोबर. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईची पांजरपोळ उभी केली. मारण्याऐवजी सांभाळा, ही मागणी तिथं विटा-चुन्यात उतरली. पोटात घास जाणं आणि डोक्यावर छप्पर असणं यांतलं अंतर मला या वादातून कळलं.

तिसरी गोष्ट लसीची. १९११ साली कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून रेबीजची लस केली. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, ही गावोगावची दहशत त्याच लसीची. आताची लस दंडावर घेतात. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. वस्तीतल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली, तर रोग माणसांपर्यंत पोचायच्या आत थांबतो. म्हणून काळ्या कुत्र्याला घास घालणाऱ्यानं त्याचं लसीकरणही बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

घासही जपून घालावा. आपल्या भागात घरोघरी कांदा. पण कांदा-लसणाच्या रश्शानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडांवर घाला घालतात. साधा दहीभात बरा. अंगावरच्या गोचिडांमधून ताप येतो, तेव्हा हिरड्या पांढुरक्या दिसतात. मग घरगुती उपाय करत बसू नये, पशुवैद्य गाठावा.

भटक्या कुत्र्यांबाबतच्या २०२३च्या नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं मूळ जागी सोडायचं, आणि हे काम स्थानिक संस्थांचं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली कुत्री मात्र निवाऱ्यात ठेवायला सांगितली. त्यामुळे निवाऱ्यांवरचा भार वाढणार. तिथं पिल्लांचा काळ म्हणजे पार्व्हो. रक्ताची हगवण लागते आणि काही पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. फिनेलनं मरत नाही, ब्लीचनं मरतो. देणगी म्हणून पोतंभर बिस्किटं नेण्यापेक्षा ब्लीच, लसी आणि जंतांची औषधं न्यावीत; आणि ज्यांच्या घरी मोकळी खोली आहे, त्यांनी एक पिल्लू लसी पूर्ण होईपर्यंत सांभाळावं.