कंपनीचा स्विच

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरं झालं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. अशा रस्त्यावर ट्रकवालाही अॅक्सिलरेटरवरचा पाय सहसा उचलत नाही. त्याच्यापुढे एखादी सत्तरच्या दशकातली बुलेट किंवा राजदूत चालली असेल, तर ती थांबतेय हे त्याला कळणार कसं? मागच्या लाल दिव्यावरून. आणि तो दिवा पेटणार की नाही, हे ब्रेकच्या पायडलाजवळ चिखलधूळ खात बसलेला आगपेटीपेक्षाही लहान स्विच ठरवतो.

आत फार काही नसतं. दोन टर्मिनल, त्यांना जोडणारी पितळी पट्टी, बाहेर आलेला एक दांडा आणि दांड्यापासून पायडलापर्यंत बारीक स्प्रिंग. पाय दाबला की स्प्रिंग दांडा ओढते, पट्टी दोन्ही टर्मिनलांना टेकते, दिवा लागतो. यात खरी अक्कल आहे ती स्प्रिंगमध्ये. पायडल बरंच खाली जातं, दांडा मात्र जेमतेम सरकतो. उरलेली ओढ स्प्रिंग ताणून पचवते. ती हरवली म्हणून कुणी तिथं बाइंडिंगची तार बांधली, की पायाचा सगळा जोर स्विचवर येतो आणि दांडा उपटून निघतो. जुन्या गाड्यांचे बरेच स्विच म्हातारपणानं मेलेले नसतात, असल्या जुगाडानं मेलेले असतात.

दुसरी गोष्ट लायनर घट्ट केल्यावरची. मागच्या ब्रेकचा नट आवळला की पायडलाची चाल बदलते, पण स्विच जुन्याच जागी राहतो. मग दिवा उशिरा लागतो किंवा लागलेलाच राहतो. लायनर ड्रमला टेकायच्या आधी दिवा पेटला पाहिजे, एवढं बघून स्विच पुढेमागे सरकवायचा. दोन मिनिटांचं काम, पण गॅरेजमध्ये हमखास राहून जातं.

या गाड्या सहा व्होल्टच्या, आणि तिथं हिशेब कडक असतो. १८ वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर ३ अँपिअर करंट ओढतो. स्विचच्या पट्टीवर काट चढून ०.३ ओहमचा अडथळा झाला, तरी जवळजवळ एक व्होल्ट तिथंच खर्ची पडतो. व्होल्टेज १५ टक्के घटलं की साध्या बल्बचा उजेड ४० टक्क्यांच्या आसपास घटतो. बारा व्होल्टच्या गाडीला एवढा अडथळा फारसा जाणवत नाही. म्हणून पट्टी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं अगदी हलक्या हातानं पुसायची. खसाखसा घासली तर वरचा मुलामा जातो आणि काट आणखी लवकर चढते.

पण दिवा मंद म्हणजे स्विचच गेला, असं नाही. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात मडगार्डखाली चिकटते, उन्हाळ्यात वाळून तिथंच राहते, आणि बोल्टाखाली गंज धरतो. त्याहून गमतीचा प्रकार नव्यानं सजवलेल्या गाडीचा. मडगार्डाला झकास पावडर कोटिंग केलेलं, आणि दिवा गुल! परतीचा करंट बॉडीतून जातो आणि रंगानं तीच वाट बुजवलेली असते. जुना मिस्त्री स्विच उघडायच्या आधी त्याची दोन्ही टर्मिनलं वायरच्या तुकड्यानं जोडून बघतो. दिवा झगझगीत लागला तर दोष स्विचचा. नाहीच लागला, तर तो म्हणेल, “स्विचले काई झालं नाई भाऊ, अर्थिंग भेटून नाई राह्यली.” बोल्टाखालचा रंग नखाएवढा खरवडला की काम झालं.

आता ओरिजिनलचा वाद. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. या नियमाला स्विचशी देणंघेणं नाही. हौशी लोक मात्र सरकारपेक्षा कडक. इंग्रजी बनावटीची गाडी असेल तर त्यांना लुकास कंपनीचा छाप असलेलाच स्विचचा डबा हवा, मग आत पट्टी नसली तरी चालेल! हा हट्ट मला निम्माच पटतो. जुना डबा ठेवावाच, कारण तो उघडता येतो, पुन्हा भरता येतो. बाजारातला डुप्लिकेट पुष्कळदा सीलबंद असतो, बिघडला की फेकायचा. पण आतली पट्टी नवी कापून बसवली तर काय बिघडलं? ती बाहेरून दिसत नाही आणि दिवा लागतो.

खरी अडचण पुढच्या ब्रेकची आहे. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांवर स्विच फक्त मागच्या ब्रेकला असे. हाताने पुढचा ब्रेक कितीही करकचून दाबा, मागच्या माणसाला काही कळत नाही. पुढच्या लिव्हरला वेगळा स्विच बसवणं म्हणजे मूळ वायरिंगला हात लावणं. म्हणून बरेच जण तो बसवत नाहीत आणि वेग कमी करायच्या आधी पायडलावर नुसता पाय टेकवतात. जुन्या बुलेटवर तो पाय डावा असतो, कारण तिचा गिअर उजवीकडे. आयुष्यभर दुसऱ्या गाड्या चालवलेला माणूस ऐन वेळी उजवा पाय दाबतो, आणि दिवा न लागता गिअर पडतो.